मुंबईची दीपमाळ

“मुंबईत कुठं बसायचं न्हाई बग. उभं ऱ्हायाचं. आन् पदर खोचायचा न्हाई, पाठीवर मोकळा सोडायचा.”

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला मुंबई कशी बघायची ते शिकवत होत्या. चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता. स्वतः त्या जन्मात कधी तासगावच्या बाजारापलीकडं गेल्या नव्हत्या. पण बोलणं ऐकाल तर गिरगावातच लहानाच्या मोठ्या झाल्या असं वाटावं.

“राणीच्या बागंत गेलासा की हत्तीपुढं जायाचं. वाघापाशी येळ घालवू नगासा. वाघाला माणसं बघत्यात आन् फुडं सरकत्यात. हत्तीपाशी थांबत्यात. चौपाटीवर भेळ खावा, पर उभ्यानं. आन् शेवटाला गेटवे. तिथं सांजच्याला जायाचं, दिवं लागस्तवर हलायचं न्हाई. आन् नावंत बसायचं न्हाई.”

“नावेत का नाही, आत्याबाई?”

“न्हाई म्हंजी न्हाई.”

मला रडूच आलं. आमच्या माहेरच्या ओढ्याला वर्षातून दोन महिने पाणी. बोटीत बसायचं हे माझं लहानपणापासूनचं वेड, आणि मुंबईला जायचं ठरल्यापासून मी तेवढंच मनात धरून बसले होते. लग्नाला दोन महिने झाले होते. हिंगणवाडीत त्या काळी नवराबायकोनं मिळून फिरायला जायचं म्हणजे लाजच सोडल्यासारखं होतं. आणि इथं तर सासूच म्हणत होती, जावा, जोडीनं मुंबई बघून या. गावातल्या बायका मला म्हणायच्या, मालन, नशीब काढलंस गं बाई. मीही फुगून गेले होते. आता कळलं, ह्या फुग्याला आत्याबाईंनी आधीच दोरी बांधून ठेवली होती.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी पेटीतनं एक लुगडं काढलं. जांभळं इरकल, तांबड्या काठाचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. पदराच्या मधोमध पिवळ्या कापडाचं ठिगळ होतं, कुयरीच्या आकाराचं, चांगलं तळहाताएवढं.

“हे नेस. तिन्ही दिवस हेच.”

माझ्या ट्रंकेत लग्नातल्या तीन कोऱ्या साड्या होत्या. पण तेवढ्यात शेजारच्या चंपाकाकू ताक मागायला आल्या, त्यांनी ते बघितलं आणि दारातच थबकल्या.

“आगं बाई! तुजं लुगडं सुनंला नेसवतीस? जित्तेपणी? खुळी का काय तू! तुज्या सासूचं तू तेराव्याला नेसलीस, तवा मीच हुते की हितं!”

आमच्या भागात ती रीतच होती. सासूचं अंगावरचं लुगडं सुनेनं नेसायचं ते सासू गेल्यावर, तेराव्या दिवशी. त्याआधी नेसलं तर सासूचं आयुष्य कमी होतं म्हणतात. माझ्या आईनंही मला हे बजावून पाठवलेलं. मी हात मागं घेतला.

“माज्या आयुष्याचं मी बगती,” आत्याबाई चंपाकाकूंना म्हणाल्या. “तू ताक घे आन् जा.” आणि माझ्याकडं वळून त्यांनी त्या पिवळ्या कुयरीवरनं बोट फिरवलं. “ही थोरल्यानं केलेली. धा वर्साचा आसंल. दिवाळीत फटाकडी उडवली ती माज्या पदरावर. लई रडला. मग त्यानंच कापाड निवडलं ठिगळाला. म्हणला, आई, पिवळंच लाव, लांबनं दिसंल.”

लग्न होऊन आल्यापासून ‘थोरला’ हा शब्द त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकला. ह्यांना एक थोरला भाऊ होता, महिपती नावाचा, तो घर सोडून गेलेला, एवढं मला माहेरी सांगितलं होतं. त्याच्याविषयी विचारायचं नाही, हेही सांगितलं होतं. मी निमूट लुगडं नेसले.

मुंबईत आम्ही परळला ह्यांच्या एका मित्राकडं उतरलो. पहिल्या दिवशी राणीची बाग. आणि तिथं जी शोभा झाली म्हणता! सगळी दुनिया हत्तीकडं तोंड करून उभी, आणि आम्ही दोघं हत्तीकडं पाठ करून. हे एकेकाचं तोंड न्याहाळत होते. लहान पोरं आम्हालाच बघून हसत होती. हत्तीनं मागनं सोंडेनं फुस्स केलं तशी मी दचकून ओरडले, तरी ह्यांनी मान वळवली नाही.

“अहो, निदान हत्ती तरी बघू द्या!” मी म्हटलं. “गावी गेल्यावर सांगू काय? माणसं बघून आलो म्हणून?”

“बघ की तू, वळ तिकडं. मी बघतो हिकडं.”

“कुणाला बघताय?”

ते पुन्हा समोरच्या गर्दीकडं बघायला लागले. मग मीही हट्टानं तिथंच खाली बसले. बसायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना, म्हणूनच बसले.

“ऊठ मालन,” ते हळूच म्हणाले. “बसल्यावर पदर दिसत न्हाई.”

त्यांचा आवाज असा आला की मी उठलेच. मग हत्तीकडं पाठ करूनच त्यांनी मला सांगितलं.

आमच्या सिद्धनाथाच्या जत्रेला पंचक्रोशी लोटते. वडील लवकर गेलेले, आत्याबाई दोन पोरांना घेऊन एकट्या जायच्या. म्हणून त्यांनी पोरांना एक शिकवून ठेवलेलं: चुकामूक झाली तर रडत हिंडायचं नाही, सरळ देवळापुढच्या दीपमाळेखाली येऊन उभं राहायचं. जत्रेतला माणूस कुठंही भरकटला तरी एकदा दीपमाळेपाशी येतोच. ह्यांचं लहानपणी तीनचारदा तसं झालं होतं, आणि दर वेळी आई नाहीतर दादा तिथं सापडले होते.

“आणि दादा?”

“दादा वीस वर्साचा हुता. जत्रेत मित्रांच्या नादानं प्याला. आईला वास आला. आईनं भर जत्रंत, त्याच दीपमाळंखाली त्याच्या मुस्काटात मारली. सगळं गाव बघत हुतं. म्हणली, जा, पुन्ना तोंड दावू नगंस. गेला. आई रातभर दीपमाळंखाली बसून ऱ्हायली, म्हणली, ईल की, जातुय कुठं. न्हाई आला.”

मग दोन वर्षांनी कुणा गिरणीवाल्यानं मुंबईत त्याला ओझरतं पाहिल्याचं सांगितलं. तेव्हापासून जत्रेला मुंबईचा कुणीही आला की आत्याबाई त्याला गूळपाणी देऊन विचारायच्या: मुंबईत सगळी माणसं कुठं जात्यात? कुठं थांबत्यात? मुंबईची दीपमाळ कुठं हाय? कुणी हत्ती सांगितला, कुणी चौपाटी. गेटवेचं नाव मात्र सगळ्यांनी घेतलं. आणि ह्यांना एकट्याला पाठवावं तर ह्यांचं तोंड आता बदललं होतं, मिसरूड फुटलं होतं, त्यावरनं दादा ओळखील न ओळखील. आत्याबाई स्वतः गाव सोडायला तयार नव्हत्या, मागं दादा घरी आला तर दारात कुणी नको का. लुगडं ओळखील. म्हणून मी. म्हणून पिवळी कुयरी.

मला आधी रागच आला. म्हणजे मी फिरायला आलेली बायको नव्हतेच, पदर टांगायची खुंटी होते. पण ह्यांच्याकडं बघितलं. तिथं शेकडो माणसं जात होती, आणि हे एकेकाच्या कपाळाकडं, हनुवटीकडं बघत होते, कुणी वळून रागानं बघितलं तर ओशाळं हसत होते. माझा राग टिकला नाही.

“दिसायला कसे होते ते?” मी विचारलं.

“आं?”

“उंच होते का बुटके? सांगाल तर मीही बघीन ना!”

त्यानंतर आम्ही दोघंही बघायला लागलो. दुसऱ्या दिवशी चौपाटीवर उभ्यानं भेळ खाल्ली. मी पाठ गर्दीकडं करून पदर नीट पसरून धरायची आणि हे माझ्या खांद्यावरनं बघायचे, मग आम्ही जागा बदलायचो. वाऱ्यानं पदर डोक्यावर यायचा, हे हातानं खाली ओढायचे. एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, किती जपतो गं बायकोला! आम्ही दोघंही हसलो. खरं सांगते, माझ्या संसारातला तो फार सुखाचा दिवस. मला वाटायला लागलं होतं की सापडणारच. मी मनात वाक्यं जुळवत होते, मोठ्या भावजींच्या पाया पडून काय म्हणायचं त्याची.

तिसऱ्या दिवशी गेटवेला आम्ही दुपारीच जाऊन उभे राहिलो. समोर बोटी. तिकीटवाला ओरडून ओरडून बोलवत होता. मी तिकडं बघितलंसुद्धा नाही. एक फोटोवाला मागं लागला, त्याच्याकडं आम्ही पत्ता लिहून देऊन एक फोटो काढून घेतला. तोही म्हणत होता, अहो, जरा हसा, एवढं मुंबईला आलात.

ऊन उतरलं. माणसं येत होती, कबुतरांना दाणे टाकत होती, जात होती. रात्रीच्या गाडीनं आम्हाला परतायचं होतं. दिवे लागायला लागले तसे हे अस्वस्थ झाले. “थोडं थांबू,” म्हणाले. मग पुन्हा, “थोडं थांबू.” सगळे दिवे लागले. आणि हे एकदम तोंडावर दोन्ही हात घेऊन रडायला लागले. एवढा बापई गडी, भर गर्दीत, हुंदके देऊन. “आईला काय सांगू गं,” एवढंच म्हणत होते. मी त्यांच्यापुढं उभी राहिले, लोकांना दिसू नये म्हणून. पाठीवर पदर होता तसाच पसरलेला.

घरी पोचलो तेव्हा आत्याबाई वेशीवरच उभ्या होत्या. एसटीतनं आम्ही दोघंच उतरलो. त्यांनी आमच्या मागं, गाडीच्या दाराकडं बघितलं. मग गाडी गेली.

“पदर मोकळा सोडला हुतास न्हवं?” त्यांनी मला विचारलं.

“व्हय, आत्याबाई.”

“बसली न्हाईस न्हवं कुठं?”

“न्हाई.”

“मग बास,” त्या म्हणाल्या. “चला, भाकरी गार हुत्यात.”

लुगडं धुऊन मी परत द्यायला गेले, तर घेईनात. नेसलीस ती नेसलीस, आता तुझंच. मी ते पेटीत तळाला ठेवलं आणि पुन्हा कधी नेसले नाही. चंपाकाकूंचे शब्द माझ्या डोक्यातनं जात नव्हते. त्या पावसाळ्यात आत्याबाईंना साधं पडसं झालं तरी माझा जीव खालीवर व्हायचा.

पण त्या चांगल्या जगल्या. बारा वर्षं. दर जत्रेला सकाळी दीपमाळेखाली जाऊन उभ्या राहायच्या, दिवे लागेपर्यंत. बसा म्हटलं तर बसायच्या नाहीत. गेटवेचा फोटो टपालानं आला होता, तो त्या घेऊन बसायच्या आणि आम्हा दोघांवर अंगठा ठेवून मागची माणसं बघायच्या. पुढं पुढं त्यांना ती दिसेनाशी झाली. मिरजेच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, आजी, आता वाती वळायला, तांदूळ निवडायला जवळचा नंबर देतो. तर ह्या म्हणतात, “जवळचं मरू द्या. मला लांबचं दिसाया पायजे. जत्रंच्या कडंपातुर.” जाड काचांचा, काळ्या काडीचा चष्मा मिळाला. मग शेवटपर्यंत तो डोळ्यांवरनं उतरला नाही. गेल्या तेव्हाही मीच तो काढला. पुढं माजघरात त्यांचा फोटो लावला, तो त्या चष्म्यातलाच, दुसरा होताच कुठं.

त्या गेल्यानंतर चार वर्षांनी, उन्हाळ्यात, भर दुपारी एक माणूस दारात उभा राहिला. पिकलेली दाढी, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, हातात लग्नाच्या पत्रिकांची पिशवी. हे मळ्यात गेले होते. मी घरात एकटी.

“रंगराव हायत का?”

मी त्या कपाळाकडं आणि हनुवटीकडं बघितलं. तीन दिवस हेच तर शोधलं होतं मी. ओळखायला पळभर लागलं नाही.

“मोठे भावजी,” मी म्हटलं आणि पाया पडले. तेव्हा जुळवलेली वाक्यं सगळी विसरले होते.

ते ओसरीवरच टेकले. थोरलीचं लग्न ठरलंय म्हणाले, पहिली पत्रिका सिद्धनाथापुढं ठेवायला आलो. ती ठेवल्याशिवाय कसं व्हायचं. दीपमाळेपाशी अर्धा तास बसलो, मग पाय इकडं वळले. बोलता बोलता माझ्याकडं बघत म्हणाले, “तुला मी पायलंय. लई वर्सामागं. गेटवेला.”

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला.

“तिथं बोटींवर नावं रंगवायचं काम करायचो मी. सांजचं सुटून चाललो हुतो. गर्दीत आईचं लुगडं दिसलं. ती पिवळी कुयरी. आई आली म्हणून पळत सुटलो गं! आणि जवळ येऊन बघतो तर नेसलेली पोर दुसरीच. नवी नवरी. आणि पुढं आमचा रंगा, तोंड झाकून रडतोय.” त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. “मग कळायचं काय राहिलं? आईचं लुगडं सुनेच्या अंगावर. आई गेली.”

“तुम्ही बोलायचं होतं,” मी म्हटलं.

“कुठल्या तोंडानं? जित्तेपणी आलो न्हाई, आता तेरावं झाल्यावर काय बोलू? तुम्ही बसगाडीत बसस्तवर मागनं चालत आलो. मग परत जाऊन तिथंच पायऱ्या उतरून समुद्रात अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी डोकं भादरलं. तवापासनं दर सर्वपित्रीला आईच्या नावानं पान वाढतो. पहिली कैक वर्सं कावळा शिवायचाच न्हाई. हात जोडून उभा ऱ्हायचो. वाटायचं, आजून राग गेला न्हाई तिचा.”

कावळा शिवेल कसा? त्या वेळी तर आत्याबाई दीपमाळेखाली उभ्या होत्या. माझ्या तोंडापर्यंत आलं आणि मी ओठ चावून धरले. आता ह्या माणसाला हे सांगून काय करायचं, कुणाचं भलं व्हायचं त्यात? आणि मग मला माजघरातला फोटो आठवला.

“तुम्ही इथंच बसा, भावजी,” मी घाईनं म्हटलं. “पाणी घ्या. हे येतीलच एवढ्यात. वारा इथंच चांगला आहे.”

“आईचा फोटो असंल की घरात? पाया पडतो आधी.”

“पडाल की. आधी च्या टाकते.”

“च्या काय, हाईच,” ते म्हणाले आणि उठले. ते घर त्यांचंच, वाट दाखवायची गरज नव्हती. मान वाकवून, चौकट चुकवून ते माजघरात गेले. मी मागोमाग. आत अंधार, डोळे सरावायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते फोटोपुढं वाकले, जमिनीला कपाळ टेकलं, बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं, नाही लक्ष जायचं. उठतील आणि येतील बाहेर.

ते उठले, हात जोडले, वर बघितलं. आणि जोडलेले हात तसेच ठेवून बघत राहिले. पांढऱ्याशुभ्र केसांकडं. गालांच्या खड्ड्यांकडं. मग त्या जाड काचांकडं.

“आईला चष्मा कधी लागला?” त्यांनी विचारलं.



“नंतर लागला, भावजी,” मी म्हटलं.